जहाल आणि मवाळ

गेल्या मार्गशीर्षात मी दीड महिना रोज वेगवेगळ्या हत्यारानं दाढी केली. बायको म्हणाली, "म्हातारपणी काय नवरदेव व्हायचंय का?" नातू दोन दिवस जवळ यायला तयार नव्हता, कारण आजोबाच्या हनुवटीवर रोज कागदाचा नवा कपटा चिकटवलेला. भाताची झोडणी उरकली होती, पेंढा रचून झाला होता, हरभरा नुकता उगवून वर आला होता. असा मोकळा वेळ आमच्या भोर-वेल्ह्याच्या भागात वर्षातनं एकदाच मिळतो. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं, पण तोंडाला वेल्हेच येतं.

हत्यारं चार. पहिलं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतलं, आजाचं. त्याच्यावर इंग्रजीत एव्हर-रेडी असं कोरलंय. दुसरं रोल्स नावाचं विलायती, पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी घासाघीस करून घेतलेलं. तिसरं व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप, तिथलंच, पुढच्या रविवारचं. ही तिन्ही एकधारी, म्हणजे पात्याची एकच बाजू कापते, दुसरी बाजू बोथट. चौथं माझ्या वडिलांचं, सगळ्यांच्या घरी असायचं तसलं, पातळ दुधारी पात्याचं.

डेअरीची एक जुनी वही घेतली आणि रोज लिहीत गेलो. किती वेळा हात फिरवावा लागला, कुठं कापलं, तुरटी किती झोंबली, आणि संध्याकाळी गुरांचं आटपल्यावर उलटा हात फिरवला तर खुंट किती लागतात. सकाळी दाढी झाली की पंचा गालावरनं उलटा ओढायचा. जिथं पंचा अडकतो तिथं काम राहिलं. ह्याच्यापेक्षा चांगली परीक्षा मला तरी सापडली नाही.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला मागं जावं लागेल.

आमच्या गावचे न्हावी, त्यांना सगळे तात्या म्हणत. दर आठवड्याला ते यायचे. काखेत चामड्याची धोकटी. तिच्यात दोन वस्तरे, पथरी, चामड्याचा पट्टा, कात्री, नखं काढायची नराणी, चिमटा, पितळी वाटी, तडा गेलेला आरसा आणि तुरटीचा खडा. अंगणातल्या आंब्याखाली आजाला बसवायचे आणि नुसत्या पाण्यानं गाल चोळायला लागायचे. साबण नाही. चोळून चोळून आजाला डुलकी लागायची. मग पट्ट्यावर वस्तरा चार वेळा फटक-फटक मारायचा आणि सुरुवात. तात्या म्हणायचे, "निम्मी दाढी पाण्यानं व्हती, निम्मी वस्तऱ्यानं." आणि दुसरं म्हणायचे, "वस्तरा येक तर खातो, न्हाईतर चाटतो. दोन्ही कामाचं न्हाईत." खाणारा म्हणजे कातडीत शिरणारा. चाटणारा म्हणजे नुसता वरनं फिरणारा, केस तसेच ठेवणारा.

शाळेत इतिहासाच्या पुस्तकात जहाल आणि मवाळ आले तेव्हा मला तात्यांचे वस्तरेच आठवले होते. टिळक जहाल, गोखले मवाळ. गुरुजींनी विचारलं, फरक काय? मी म्हणालो, एक खातो, एक चाटतो. छडी मिळाली. पण दाढीच्या हत्याराला अजूनही मी तेच दोन शब्द वापरतो. त्यात एक तिसरा शब्द घालायला हवा, तो म्हणजे उरक. जहालपणा निराळा आणि उरक निराळा. जहाल हत्यार पटकन कातडीत जातं. उरक असलेलं हत्यार थोड्या फेऱ्यांत केस साफ काढतं. दोन्ही एकाच हत्यारात असतील असं नाही, आणि उलट्या बाजूनं, मवाळ असूनही उरक असू शकतो. हे मला साठी उलटल्यावर कळलं.

तात्यांना पैसे नव्हते, बलुतं होतं. सुगीला खळ्यावर यायचं आणि भात घेऊन जायचं. दाढीच्या माणसामागं चार पायली. आमच्याकडं आजा, वडील आणि चुलते, म्हणून बारा पायली. त्यात दाढी-डोई तर आलीच, शिवाय पोराचं जावळ, लग्नात नवरदेवाची दाढी, गावाला निरोप पोचवणं आणि मेलेल्याच्या दहाव्याला नदीवर भावकीच्या डोया करणं. आमचा सगळा मावळ जिवा महालांचं नाव अभिमानानं घेतो. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार महाराजांवर येत होता, तो जिवा महालांनी अडवला, आणि 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे आमच्याकडं शेंबडं पोरही म्हणतं. ते नाभिक समाजाचे. पण त्याच समाजाचा माणूस खळ्यावर आला की पोत्याचं तोंड धरून कडेला उभा राहायचा, आणि रास मोजून झाली की शेवटी त्याची पायली पडायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता आजाचं हत्यार. आजा मुंबईला गोदीत होता. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, त्या दिवशी त्याची पाळी नव्हती, म्हणून मी आज हे लिहायला आहे. त्यानंतर वर्षभरातच तो गावी आला. येताना एका खलाशाकडनं घेतलेलं हे एव्हर-रेडी आणि तेलकट कागदात गुंडाळलेली पात्यांची पुडकी घेऊन आला. गावानं बघायला गर्दी केली. ते हत्यार फावड्याच्या आकाराचं, बिजागरीचं. वरची टोपी उघडायची, पातं आत सरकवायचं, टोपी दाबून बंद करायची. पात्याच्या पुढं फणीसारखे दात. हे दात म्हणजेच सगळी सुरक्षा.

ही कल्पना अमेरिकेची. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये कॅम्फे नावाच्या भावांनी १८८० साली 'स्टार' नावाचं असं हत्यार काढलं. त्यात पातं म्हणजे वस्तऱ्याचाच कापून घेतलेला तुकडा होता, पाठीला जाड, धारेला पोकळ घासलेला. त्याला पट्ट्यावर धार लावावीच लागायची. मग किंग जिलेट आला. त्याचं डोकं निराळं चाललं. पातं इतकं पातळ आणि स्वस्त करायचं की धार गेली की फेकून द्यायचं. पोलादाच्या पातळ पट्टीला अशी धार देता येणार नाही, असं जाणकार म्हणत होते, ते विल्यम निकरसन नावाच्या इंजिनिअरनं करून दाखवलं. १९०३ साली, पहिल्या वर्षी, ५१ हत्यारं आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं आणि खप हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं शिपायांना ही हत्यारं वाटली, आणि घरी परतलेल्या शिपायांच्या गालाला घरीच दाढी करायची सवय लागली.

एव्हर-रेडी ह्या दोघांच्या मधलं. पातं वस्तऱ्याइतकं जाड नाही, जिलेटसारखं पातळही नाही. मोजलं तर जिलेटचं पातं एक मिलिमीटरचा दहावा भाग, आणि एकधारी पातं त्याच्या दुपटीहून जास्त, पाव मिलिमीटरच्या जवळ. शिवाय पाठीवर पत्र्याची दुमड घातलेली असते. दुधारी पातं हत्यारात घालून आवळलं की ते वाकतं, धनुष्यासारखं. एकधारी पातं वाकत नाही. ते ताठ बसतं आणि केसाला लागलं तरी थरथरत नाही. म्हणून त्याचा आवाज मोठा. गालावर फिरवलं की धसकटातनं चालल्यासारखं करकर वाजतं.

ह्या जाडीचा आणखी एक गुण होता, आणि माझ्या गोष्टीत तोच महत्त्वाचा. पातं पाठीकडनं धरता येत होतं, म्हणून त्याला पुन्हा धार लावता येत होती. खलाशाची पुडकी आजा जपून वापरायचा. पातं बोथट झालं की चिरलेल्या बांबूच्या कामटीत पाठीकडनं धरून तात्यांकडं द्यायचा. तात्या ते पथरीवर, मग पट्ट्यावर मारून द्यायचे. सुपारीच्या खांडावर काम. म्हणजे आजा लग्नाकार्याच्या घाईत स्वतः दाढी करायला लागला तरी तात्यांचं येणं सुटलं नाही आणि बलुतंही सुटलं नाही.

वडिलांचं हत्यार आलं आणि हे बदललं. ते भोरच्या बाजारातनं आलं, सोबत दुधारी पात्यांचं पाकीट. भारत, पनामा, टोपाझ ही नावं माझ्या वयाच्या माणसाला आपल्या गुरांच्या नावांसारखी पाठ आहेत. ते पातं पथरीवर धरता येत नाही. आमच्याकडं पावसाळा असा, की चार महिने कपडे वाळत नाहीत. पोलादी पातं दोन दिवसांत तांबरायचं, म्हणून वडील ते खोबरेल तेलाच्या वाटीत बुडवून ठेवायचे. धार गेली की काचेच्या ग्लासाच्या आतनं बोटानं दाबून घासायचे, तेवढ्यावर आणखी दोन दाढ्या निघायच्या. मग आली न गंजणारी पाती. विलायतेत विल्किन्सननं ती साठच्या दशकाच्या सुरवातीला काढली, आमच्यापर्यंत पोचायला बराच काळ गेला. ह्या सगळ्यात तात्यांच्या पथरीला जागाच नव्हती.

बाहत्तरचा दुष्काळ पडला. आमच्याकडं नगर-सोलापूरसारखी स्थिती नव्हती, तरी रास निम्म्यावर आली होती. मी तेव्हा बारा वर्षांचा. तात्या पोतं घेऊन खळ्यावर आले. वडील राशीकडं बघत म्हणाले, "तात्या, औंदा आमी घरचं घरीच करतोय." तात्या काही बोलले नाहीत. राशीतला एक दाणा उचलला, दातानं फोडून बघितला, पोत्याची घडी घातली आणि काखेत मारली. मग वडिलांना एवढंच म्हणाले, "धनी, दहाव्याला मशीन बोलवा मंजे झालं." वडिलांचा चेहरा मला आठवतो. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी बारा पायली वाचवल्या, आणि त्या वर्षी त्या आमच्या पोटात गेल्या.

आजानं त्या दिवसापासून दाढी केली नाही. मरेपर्यंत वाढवली. घरात कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

इथवर लिहून थांबलो असतो तर हत्यार वाईट आणि तात्या बिचारे, अशी गोष्ट झाली असती. पण ती अर्धीच झाली असती. तात्यांची धोकटी गावातल्या सगळ्या दारात जात नव्हती. तेव्हा ज्याला महारवाडा म्हणायचे, आताची बौद्धवस्ती, तिथं ती जात नव्हती. तात्यांना जायचं होतं की नाही, हा प्रश्नच नव्हता. गेले असते तर आमच्याच घरांनी त्यांचं बलुतं तोडलं असतं. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की साताऱ्याला असताना त्यांचे केस त्यांची मोठी बहीण कापायची. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही, पैसे नव्हते असंही नाही, पण कुणी न्हावी हात लावत नव्हता. सातारा आमच्यापासून काही लांब नाही.

ह्याच न्हाव्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी वस्तरा खाली ठेवलेला आहे, तेही सांगायला हवं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणाले. जोतिरावांच्या सत्यशोधक विचारांची ती माणसं. म्हणजे कुणाच्या डोक्याला वस्तरा लावायचा आणि कुणाच्या नाही, ह्यावर एवढं सगळं अडलेलं होतं.

आमच्या बौद्धवस्तीतले एक सुभेदार होते. १९४१ साली उभी राहिलेल्या महार रेजिमेंटमधनं निवृत्त होऊन आलेले. ते थकले तेव्हा मी त्यांच्याकडं जाऊन बसायचो, त्यांच्या पेन्शनचे कागद वाचून द्यायचो. एकदा दाढीचा विषय निघाला. म्हणाले, पलटणीत पहिल्या आठवड्यात हातात हत्यार दिलं, दुधारी. पहाटे दाढी नसेल तर हजेरीला उभं करत नसत. पहिल्या सुट्टीला घरी आले तेव्हा वस्तीतली पोरं त्यांच्या दारात रांग लावून बसली. एका पात्यात सहा जणांच्या दाढ्या. त्यातल्या दोघांच्या गालाला त्याआधी घरच्या कात्रीशिवाय काही लागलं नव्हतं.

मी माझ्या सवयीनं विचारलं, "बाबा, ते हत्यार जहाल होतं का मवाळ?"

ते हसले. म्हणाले, "कापलं असतं तरी चाललं असतं रं. हात आपला व्हता ना."

ह्या उत्तरावर माझ्या वहीत कुठला रकाना नाही.

आता वहीकडं येतो. सुरवात आजाच्या एव्हर-रेडीनं केली. जुनी पाती संपलेली, पण अमेरिकेत नोकरीला असलेल्या पुतण्यानं पाकीट पाठवलं. तिकडं त्या मापाची पाती अजून निघतात, न गंजणारी. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी कापलं. दोष हत्याराचा नव्हता, माझ्या हाताचा होता, ते पुढं सांगतो. आठव्या दिवसापासून एकही जखम नाही. दोन फेऱ्यांत गाल साफ, हनुवटीखाली तिसरी. संध्याकाळी उलटा हात फिरवला तर नुसती चाहूल. जहाल म्हणाल तर आहे, पण सांगून जहाल आहे. करकर थांबली की समजायचं, तिथले केस संपले, आता तिथं पुन्हा जायचं नाही. गेलात की सोललात.

रोल्सची गोष्टच वेगळी. चांदीसारख्या चमकत्या डबीत ते बसलेलं असतं. डबीच्या एका झाकणात पथरी, दुसऱ्यात चामडं. दांडा धरून मागंपुढं केलं की आतलं पातं उलटसुलट होत चामड्यावर घासतं आणि खट-खट वाजतं, म्हणजे बाजूच्या खोलीतल्याला कळतं की साहेब उठले. पातं अगदी वस्तऱ्यासारखं, पाठीला जाड, वर्षानुवर्षं तेच. विसाव्या दशकापासून तीस-पस्तीस वर्षं लंडनला ही निघत होती. मग जिलेटच्या पात्यापुढं टिकली नाहीत, आणि शेवटी त्या कंपनीच्या नावानं कपडे धुण्याची यंत्रं विकली गेली, आणि १९६४ मध्ये तीही बुडाली. दाढी कशी होते? मवाळ. पण चाटणारी मवाळ नव्हे, वेळ मागणारी. वीसेक घोळ चामड्यावर मारल्याशिवाय ते केसाला हात घालत नाही. डोकं जड आणि रुंद, नाकाखाली शिरत नाही. जिच्या घरी गडी पाणी तापवून देतो अशा माणसासाठी ते केलेलं आहे. गुरांच्या धारा काढून साडेसहाला डेअरी गाठायची तर रोल्स उपयोगाचं नाही. सहा दिवसांनी सोडलं.

व्हॅलेटनं मला चकवलं. हे गायझमन नावाच्या माणसाचं, ज्याच्या कंपनीशी भांडता भांडता जिलेटला १९३० साली एकत्र यावं लागलं. ह्याच्या मानेतनं चामड्याची पट्टी ओवून ओढायची, की पातं न काढताच आत धार लागते. पट्टी कुजली होती, मी बैलाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं पातळ तासून घातलं. पाती डबीत आली तेवढीच, पाच. पातं दातांच्या बाहेर फारसं डोकावत नाही, म्हणून हाताला मवाळ लागतं. मी वहीत पहिल्या दिवशी 'चाटतंय' असं लिहून ठेवलं. संध्याकाळी हात फिरवला आणि ती ओळ खोडली. दोन फेऱ्यांत एव्हर-रेडीच्या जवळ जाणारी दाढी, आणि तुरटी लावली तर झोंबली नाही. मवाळ, आणि उरक पक्का. ती पाच पाती संपली की संपलं, एवढाच त्याचा दोष.

वडिलांचं दुधारी सगळ्यांत मवाळ. कापत नाही, हे खरं. पण माझ्या खुंटांना त्याच्या तीन फेऱ्या लागतात, गळ्याला चार. तुरटी सर्वात जास्त झोंबली ती ह्याच दिवशी. मवाळ हत्यार चार वेळा फिरवलं की जहालापेक्षा जास्त सोलतं, हे वहीतनं निघालेलं माझं एकमेव संशोधन. दुसऱ्या दुधारी हत्यारांचं निराळं असेल, मी आमच्या घरच्याबद्दल बोलतोय.

शेतकऱ्याला ह्यात नवल वाटायला नको. नांगराचा फाळ किती पुढं काढलाय, तो जमिनीला कुठल्या कोनात लागतोय आणि नांगराला वजन किती, ह्यावर तास किती खोल जाणार ते ठरतं. इथंही तेच. पातं दातांच्या पुढं किती आलंय, पातं आणि दात ह्यांत फट किती, आणि डोकं गालाला कसं टेकवलंय. पहिल्या दोन गोष्टी कारखान्यात ठरलेल्या असतात. तिसरी आपल्या मनगटात.

ती तिसरी गोष्ट मला तात्यांनी शिकवली.

१९९१ च्या मार्चमध्ये वडील गेले. दहाव्याला नदीवर भावकीतल्या सहा जणांच्या डोया करायच्या होत्या. तोवर गावात न्हावी उरला नव्हता. तात्या मुलाबरोबर भोरला राहायला गेले होते. दुसऱ्या गावच्या एकानं येतो म्हणून सांगितलं होतं, दहा वाजले तरी आला नाही. गुरुजी घड्याळ बघत होते. पिंड मांडलेले. शेवटी चुलते म्हणाले, घरचं हत्यार आण. वडिलांचंच दुधारी हत्यार आणलं आणि वडिलांच्याच दहाव्याला लावलं. दहा दिवसांचे वाढलेले केस त्यात अडकायला लागले. दर दोन हातांना पाण्यात खळखळायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा अडकायचं. माझ्या धाकट्या भावाच्या डोईवर एवढं करूनही पट्टे राहिलेले. मग मला आजाचं आठवलं. पळत घरी गेलो, पेटी उघडली. तेलकट कागदात एकच पातं शिल्लक, कडेला तांबेरलेलं. नदीवर आलो आणि पहिल्याच हाताला भावाच्या कानामागं रक्त काढलं.

तेवढ्यात एसटीनं उतरून तात्या आले. कुणी बोलावलं नव्हतं. वय झालेलं, हात थरथरत होते. धोकटी मात्र काखेत होती. माझ्या हातातलं हत्यार बघितलं आणि म्हणाले, "हे थोरल्या धन्याचं." पातं बाहेर काढायला लावलं. पथरी काढली, नदीचं पाणी शिंपडलं आणि पातं पाठीकडनं धरून सरकवायला लागले. हवेत थरथरणारा हात पथरीवर थरथरला नाही. पंधरा-वीस वेळा पथरी, मग पट्टा. अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली.

"माझ्या हातनं व्हायचं न्हाई आता," म्हणाले. "तू कर. मी सांगतो. टोपी डोईवर सपाट टेकव. आडवी. अजून आडवी. तू वस्तऱ्यावानी उभी धरतोयास म्हणून खातंय. आता मूठ जराशी खाली घे. आवाज आला? तितंच धर. दाबू नगं, त्याच्या वजनानं जाऊ दे."

दात मोकळे असल्यानं केस अडकले नाहीत. सहा डोया तासाभरात झाल्या. शेवटची माझी, ती चुलत्यानं केली, तात्यांच्या सांगण्यावरनं.

निघताना मी त्यांच्या हातात शंभराची नोट ठेवली. त्यांनी ती परत माझ्या खिशात घातली आणि म्हणाले, "बलुत्यात हाय ते." एकोणीस वर्षं बलुतं दिलं नव्हतं आम्ही.

तात्या त्यानंतर तीन वर्षांनी गेले. त्यांच्या नातवाचं भोरमध्ये दुकान आहे, फिरत्या खुर्च्या, मोठे आरसे. दुधारी पातं मधोमध मोडून अर्धं तो वस्तऱ्यासारख्या मुठीत बसवतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं लावतो. एड्सची भीती पसरली तेव्हापासून सगळीच दुकानं असं करतात. म्हणजे हातात बघाल तर एकधारीच. मी त्याला आजाचं हत्यार दाखवायला नेलं होतं. त्यानं उलटसुलट केलं, फट बघितली, आपल्या मनगटावर एकदा फिरवून पाहिलं. म्हणाला, "काका, कोन सपाट धरावा लागत असंल ह्याला." आजोबांना त्यानं हे हत्यार धरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दर दिवाळीनंतर झोडणी झाली की मी त्याच्याकडं बारा पायली इंद्रायणी नेऊन टाकतो. पहिल्या वर्षी नको म्हणाला, आता पोतं उघडून वास घेतो. दाढीचे पैसे मात्र पुरते घेतो.